वांग्याची फुलं गळतात, लागलेलं किडतं, मग फवारू काय?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मला वाटलं हे माझंच पहिल्या वर्षीचं गाऱ्हाणं कुणीतरी लिहून पाठवलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, दहा इंची आठ कुंड्या आहेत, मार्चच्या शेवटी आठवडी बाजारातनं रोपं आणून लावली, झाडं काळीभोर हिरवीगार झालीत, दर आठवड्याला चमचाभर युरिया देताय, सकाळ-दुपार पाणी घालताय, फुलं भरपूर येतायत पण पिवळी पडून गळतायत, दोन महिन्यांत कशीबशी तीन वांगी लागली त्यातली दोन किडकी निघाली आणि एक कडू. आणि शेवटी विचारलंय की शेजारच्या काकू ताक-हिंग म्हणतात, दुकानदार एक बाटली दाखवतोय, कुठलं औषध मारू?

माझं म्हणणं असं की बाटली आत्ता राहू द्या. तुमच्याकडं एक रोग नाहीये. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्यात आणि त्या सगळ्यांना आपण मिळून "कीड लागली" म्हणतोय. फुलं गळणं हे ऊन, पाणी आणि युरियाचं काम आहे. किडकी वांगी हे अळीचं काम आहे. कडूपणाचं कारण तिसरंच आहे. यातल्या एकाच गोष्टीला फवारणीचा थोडाफार उपयोग आहे, आणि तिथंसुद्धा फवाऱ्यापेक्षा कात्री जास्त चालते.

आधी माझं सांगते म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतेय ते कळेल. घरी वांगी लावतेय त्याला चोवीस वर्षं झाली, मधली अकरा वर्षं होटगी रोडला छोटी रोपवाटिका चालवली, तिथं वांगी-मिरची-टोमॅटोची रोपं लोकांना दिली आणि मग त्याच लोकांच्या तक्रारी ऐकल्या. शेतातलं वांगं आणि गच्चीवरचं वांगं यात फरक आहे, तेव्हा शेतकरी बंधूंनी हे वाचून आपल्या एकराला लावू नये. आणि तुमच्या गच्चीचं मला काही माहीत नाही, म्हणजे पश्चिमेचं ऊन थेट येतं का, पाणी नळाचं का बोअरचं, जात कुठली, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. जिथं असा फरक पडतो तिथं सांगेन.

फुलांचं

उद्या सकाळी आठच्या आत गच्चीवर जा आणि एक फूल हातात घेऊन नीट बघा. मधोमध पिवळ्या रंगाचे परागकोष असतात, केळ्याच्या छोट्या घडासारखे उभे. त्या घडातनं एक हिरवट टोक बाहेर डोकावतंय का बघा. डोकावत असेल तर ते फूल फळ धरायच्या लायकीचं. टोक पिवळ्याच्या आतच बुडालेलं असेल, दिसतच नसेल, तर ते फूल कितीही काही करा गळणारच, ते जन्मानंच तसलं. वांग्याच्या झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात. वैशालीसारख्या झुपक्यानं लागणाऱ्या जातीत तर एका झुपक्यात सगळ्यात खालचं, झाडाच्या अंगाचं फूल बहुतेक चांगलं असतं आणि पुढची बारकी फुलं नुसती शोभेची. त्यामुळं "दहा फुलं आली, आठ गळाली" यात घाबरण्यासारखं काहीच नाही. माझ्याकडं ऐन दिवाळीत झाड लगडलेलं असतं तेव्हासुद्धा खाली फुलांचा सडा असतो.

घाबरायचं कधी, तर टोक बाहेर असलेलं चांगलं फूलसुद्धा देठाच्या सांध्याशी पिवळं पडून गळायला लागलं तर. तुमचं तेच होत असणार, कारण आपण मे महिन्यात सोलापुरात बसलोय. पारा ३५ च्या वर राहायला लागला की वांग्याचे पराग कमजोर पडतात, आणि आपल्याकडं तर चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीस होतं आणि गच्चीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, झाडाला रात्रीचाही विसावा नाही. झाड काय करतं, स्वतः जगायचं बघतं आणि फुलं टाकून देतं. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे परागीभवन. वांग्याचे परागकोष मोहरीच्या फुलासारखे उघडे पडत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक भोकं असतात आणि जोरात थरथरलं तरच त्यातनं पराग झडतात, अगदी मिठाच्या डबीसारखं. आपला काळा भुंगा किंवा ती निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून घुंईऽऽ करते ना, ती हेच करत असते. साध्या मधमाशीला ते जमत नाही. वाऱ्यानं फूल हललं तरी थोडे पराग झडतात, त्यावर काम चालतं. पण दुसऱ्या मजल्यावर चारी बाजूंनी कठडा, भुंगे नाहीत, वारा पडलेला, मग पराग झडणार कसे? म्हणून सकाळी सात ते नऊच्या मधे प्रत्येक फुलाच्या देठाला बोटानं दोन-तीन टिचक्या मारा. माझा भाचा पुण्यात बॅटरीवरच्या टूथब्रशचं मागचं टोक देठाला लावतो आणि सांगतो की मावशी माझी वांगी तुझ्यापेक्षा जास्त लागतात. लागत असतील बाबा, त्याच्याकडं पुण्याची हवा आहे.

युरियाचं

हे आज बंदच करा. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि दहा इंची कुंडीत मावते ती माती किती, आठ-नऊ लिटर. त्यात दर आठवड्याला चमचा म्हणजे लहान पोराला रोज पुरणपोळीवर तूप. झाड पानं काढत सुटतं, फुलं-फळं कशाला काढेल, आणि ती लुसलुशीत पानं आणि कोवळे शेंडे तुडतुड्यांना, माव्याला आणि अळीला आमंत्रण देतात. मी हे केलंय हो, म्हणूनच इतकं ठामपणे सांगतेय. पहिल्या वर्षी माझी झाडं बघायला गल्लीतल्या बायका यायच्या, काय तो हिरवा रंग, आणि भाजीला वांगी मात्र मी मंडईतनं आणायची.

त्याऐवजी महिन्यातनं एकदा कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड द्या. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडं घाण्यावर सहज मिळते, ती चांगलीच, पण कुंडीत कोरडी टाकू नका, मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात. मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, वास सुटला की तेवढंच साधं पाणी आणखी घालून प्रत्येक झाडाला तांब्याभर. वासाची तयारी ठेवा, आणि घरात पाहुणे येणार असतील त्या दिवशी करू नका.

आता एक गोष्ट जी पुण्या-कोकणातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना, हे सगळं लोक कुंडीत घालायला सांगतात. कोकणातल्या आंबट मातीत ठीक आहे. आपली माती आधीच चुनखडीची, खारट-तुरट, बोअरचं पाणी तर असं की बादलीला पांढरा थर बसतो. त्यात आणखी राख आणि चुना घातला की झाडाला मातीतलं लोह उचलताच येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर चिलेटेड लोह मिळतं कृषी केंद्रात, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाण्यात घालून पानांवर द्या, पण मुळात राखच घालू नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर पावसाळ्यात पन्हाळीखाली एखादं पिंप ठेवा, आणि कुंड्या दोन-तीनदा पावसात अशा भिजू द्या की खालच्या भोकातनं पाणी वाहून जाईल. वर्षभराचे क्षार त्यात धुऊन निघतात.

कुंडी आणि पाणी

दहा इंची कुंडी वांग्याला छोटीच. मिरचीला चालते, वांग्याची मुळं खोल जातात. निदान १५ ते २० लिटरचं भांडं पाहिजे. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या पेंटरकडं मागा, स्वस्तात मिळतात, नीट धुवून खाली चार भोकं पाडायची. बाहेरून पांढरा डिस्टेंपर मारा किंवा जुनं गोणपाट गुंडाळा, काळी प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्यात आत मुळं शिजवते. आणि बादली स्लॅबवर थेट न ठेवता तीन विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे.

माती नुसती काळी नको. मी पहिल्यांदा बहिणीच्या शेतातली, मोहोळकडची काळीभोर माती मोठ्या कौतुकानं दोन पोती आणली होती. ओली असताना चिखल, वाळली की वीट, आणि कडेनं अशी भेग पडायची की वरून घातलेलं पाणी त्या भेगेतनं थेट खाली जायचं, मधली माती कोरडी ठणठणीत. मला वाटायचं मी रोज पाणी घालतेय तरी झाड का सुकतंय! आता मी दोन घमेली मुरमाड तांबडी माती, एक घमेलं काळी, दोन घमेली जुनं शेणखत आणि वरून कोकोपीट असेल तर थोडं, असं घेते. मोजमाप इकडंतिकडं झालं तरी चालतं. मूठ आवळून सोडली की माती सुटी झाली पाहिजे, एवढं बघायचं.

पाण्याचं तुम्ही लिहिलंय "सकाळ-दुपार". दुपारचं पाणी कुठनं घालता? गच्चीवरच्या काळ्या टाकीतनं पाईप लावून ना? एकदा तीन वाजता त्या पाण्याखाली हात धरून बघा, चहा होईल. तेच पाणी मुळाशी चाललंय. सकाळी सातच्या आत एकदाच, पण पोटभर, खालच्या भोकातनं थेंब येईपर्यंत. या उन्हात मोठ्या बादलीला दीड-दोन लिटर लागतं, तुमच्या छोट्या कुंड्यांना संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणखी तांब्याभर द्यावं लागेल. दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी सहाला तीच पानं परत ताठ झाली तर झाडाला तहान नव्हती, ते उन्हापासून अंग चोरत होतं. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर तहान, आणि ओलं असूनही झाड मान टाकून असेल तर मुळात काहीतरी बिघडलंय, मग मर रोगाचा विचार करायचा आणि ते झाड बाजूला काढायचं. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात झाडांना किती घालायचं हा घराघरातला भांडणाचा विषय आहे, म्हणून सांगते, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बिनधास्त वापरा, पण भांड्यांचं साबणाचं नको.

मातीवर चार बोटं उसाच्या पाचटाचा थर द्या. आपल्या जिल्ह्यात उसाला काय तोटा, गुऱ्हाळावर किंवा कुणा ओळखीच्या शेतकऱ्याकडं गोणीभर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पाण्याचा खर्च निम्म्यावर येतो असा माझा अंदाज आहे. आणि अकरा ते चारचं ऊन अडवायला वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, नाहीतर दोन बांबू आणि आईची जुनी सुती साडी.

आता किडीचं, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न

किडक्या वांग्यात जी गुलाबीसर पांढरी अळी दिसली ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. नावातच सगळं आहे, पण लोक फळाकडं बघतात आणि शेंड्याकडं बघत नाहीत. हिचा पतंग पांढरट, पंखावर तपकिरी डाग, रात्री येतो आणि पानाच्या खाली, कळीवर, कोवळ्या शेंड्यावर एकेक अंडं घालतो. अळी निघाली की काही तासांत आत शिरते. झाडाला फळं नसतील तेव्हा कोवळ्या शेंड्यात शिरते आणि तो शेंडा मान मोडल्यासारखा खाली लोंबतो. फळं आली की फळात, बहुतेक वेळा देठाच्या टोपीखालनं, आणि आत गेल्यावर मागचं दार स्वतःच्या विष्ठेनं बंद करून घेते. ते शिरायचं भोक इतकं बारीक की तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला जे मोठं गोल भोक दिसतं ते बाहेर पडायचं. म्हणजे भोक बघून तुम्ही फवारा उचलता तेव्हा बाई सासर सोडून गेलेली असते, आणि ज्याच्या आत अळी अजून बसलीय ते वांगं बाहेरनं चकचकीत दिसतं. आत बसलेल्या अळीपर्यंत ताक पोचत नाही, हिंग पोचत नाही, आणि बरीचशी औषधंही पोचत नाहीत. काकूंच्या ताक-हिंगानं नुकसान काही नाही, पण तेवढ्या ताकाची कढी करा.

तर करायचं काय. रोज सकाळी टिचक्या मारायला जाल तेव्हाच झाडाचे शेंडे बघा. एकच शेंडा लोंबलाय आणि बाकी झाड ताठ आहे, असं दिसलं की तो शेंडा लोंबलेल्या भागाच्या खाली दोन बोटं अंतरावर कात्रीनं कापा. कापलेली काडी उभी चिरून बघा, आत अळी दिसेल किंवा पोखरलेली नळी दिसेल. नळी कापाच्या खालीही गेलेली असेल तर आणखी खाली कापा. आणि तो शेंडा कुंडीत किंवा कंपोस्टमधे टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा नाहीतर पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीत द्या. झाड खुजं होईल ही भीती काढून टाका, कापाच्या खालनं दोन फुटवे येतात आणि त्या फुटव्यांवर फुलं. किडकं फळ दिसलं की तेही असंच, "अर्धं चांगलंय" म्हणून झाडावर ठेवायचं नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून नव्या पतंगापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस न चुकता शेंडे कापले की पुढची पिढी बरीच तुटते. आठ झाडांना याला पाच मिनिटं लागतात.

अळी मोठी झाली की बाहेर पडून वाळल्या पानात, काडीकचऱ्यात कोष करते. म्हणून कुंडीत पडलेली पानं वेचायची. इथं कुणी हुशार विचारेल की मग पाचट कसं घालायला सांगितलंत? बरोबर आहे, पाचटातही कोष लपतात. पण मे महिन्यात मुळं वाचवणं आधी. आठवड्यातनं एकदा पाचट उचलून झटकायचं, आणि पाऊस लागला की काढून टाकायचं.

कडुलिंबाचं तेल चालतं, पण अळी आत शिरायच्या आधी. म्हणजे झाडाला पहिल्या कळ्या दिसल्या तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी, एक लिटर पाण्यात ५ मिली तेल आणि थोडासा द्रव साबण, आधी साबण आणि तेल घोटून घ्यायचं आणि मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं. पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं, ऊन उतरल्यावर. दुपारच्या उन्हात मारलं तर पानं भाजतात, हे बेचाळीस अंशात विसरू नका. आणि विकत कशाला, आता मे-जूनमधे आपल्याकडं रस्त्यावर निंबोळ्यांचा खच पडतो, त्या गोळा करून गर धुवून सावलीत वाळवून ठेवा, लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या आणि गाळून मारायचं. घरचा ५ टक्के अर्क.

माझी खरी भिस्त मात्र पिशवीवर. संक्रांतीच्या वाणाला त्या जाळीच्या पोटल्या मिळतात ना रंगीबेरंगी, त्या घरात पडून असतात. पाकळ्या गळून लिंबाएवढं वांगं दिसलं की पोटली चढवून देठाशी नाडी आवळायची. आधीच आत अळी गेली असेल तर ती पोटली काही करत नाही, पण वेळेवर बांधली तर वांगं स्वच्छ निघतं. माझ्या गच्चीवर डिसेंबरात गुलाबी, सोनेरी पोटल्या लटकलेल्या असतात, बघणाऱ्याला वाटतं हळदीकुंकवाची तयारी चाललीय. मांजरी गोट्यासारख्या मोठ्या गोल जातीच्या वांग्याला मोठी पोटली लागते किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा.

कामगंध सापळा मिळतो, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढून घेणारा, लावा हवं तर, पण आठ झाडांना एक सापळा म्हणजे पतंग आलेत की नाही हे कळण्यापुरता, त्यानं किडीचा बंदोबस्त होत नाही. आणि दुकानदाराची बाटली मी का नको म्हणतेय, तर वांगं आपण तीन-चार दिवसांनी तोडतो, आणि बहुतेक औषधांवर फवारल्यानंतर अमुक दिवस तोडू नका असं लिहिलेलं असतं. घरी कोण ते दिवस पाळतं? सकाळी फवारलं, संध्याकाळी सासूबाईंनी भाजी केली, असं होतं. या अळीसाठीच ते जनुक बदललेलं बीटी वांगं काढलं होतं, त्याच्या लागवडीला २०१० मधे केंद्रानं स्थगिती दिली, बांगलादेशानं २०१३ ला परवानगी दिली, त्यावर भांडायचं असेल तर वेगळं भांडू. तुमच्या आठ कुंड्यांना कात्री पुरते.

बाकीच्या किडी पटकन सांगते. पानांच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या आणि पिवळ्या पडल्या की तुडतुडे, निंबोळी अर्क. पानावर बारीक पांढरट ठिपके आणि खाली जाळं असेल तर लाल कोळी, हा उन्हाळ्यातला पाहुणा, सकाळी पानाच्या खालनं पाण्याचा जोरात फवारा दोन-तीन दिवस सलग. आणि एक गोष्ट जी ओळखायलाच पाहिजे ती बोकड्या. झाडाला अगदी बारीक बारीक पानांचे गुच्छ यायला लागतात, फुलं हिरवी-पानासारखी होतात, फळ धरतच नाही. दिसायला झाड छान गुबगुबीत दिसतं. मी असं एक झाड "किती छान भरलंय" म्हणून दोन महिने सांभाळलं आणि तुडतुड्यांनी तोवर शेजारच्या तीन झाडांना प्रसाद दिला. याला औषध नाही, दिसल्या दिवशी उपटायचं.

मुळात चुकलं काय, तर महिना

मार्चच्या शेवटी लावलेलं रोप फुलावर येतं ते बरोबर मे महिन्यात, भट्टीत. उन्हाळ्यात वांगं खायचंच असेल तर जानेवारीच्या शेवटी रोप लागलं पाहिजे म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत तोडणी सुरू तरी होते. पण घरच्यासाठी मी म्हणेन की आपला खरा हंगाम पावसाळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकायचं, आठ-दहा दिवसांत उगवतं, पाच आठवड्यांत वीतभर रोप, जुलैच्या मध्यावर मोठ्या बादलीत. आपल्याकडं सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, तेव्हा बादलीत पाणी साचू देऊ नका. सप्टेंबरअखेर पहिली तोडणी आणि दिवाळीपासून पुढं रेलचेल. आमच्या सासूबाई चातुर्मासात वांग्याला शिवायच्या नाहीत, चंपाषष्ठीला बाळ्याच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच. तोवर आमच्या झाडावरची सगळी वांगी शेजारणींकडं जायची आणि बरोबर चंपाषष्ठीच्या आठवड्यात, जेव्हा मंडईत भाव चढलेला असतो, तेव्हा घरात कमी पडायची. मग मी ऑगस्टच्या शेवटी दोन झाडं वेगळी लावायला लागले, ती डिसेंबरात जोरात येतात आणि भोगीच्या भाजीपर्यंत पुरतात.

जातीचं म्हणाल तर भरल्या वांग्याला मांजरी गोटा, गोल, जांभळ्यावर पांढरे पट्टे, देठाला काटे, चवीला माझ्या मते त्याला तोड नाही. पण झाड मोठं होतं आणि जागा खातं. कुंडीला वैशाली बरी, झुपक्यानं लागते, थोडी थोडी रोज मिळतात. बाजारातली संकरित रोपं लागतात भरपूर, पण त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर कसली वांगी येतील याचा भरवसा नाही.

कडू वांगं

हे एका ओळीत सांगण्यासारखं आहे. एकदा झाड ताणात आलं, उन्हाचा किंवा पाण्याचा, की फळात कडूपणा उतरतो, आणि तुम्ही ते "अजून थोडं मोठं होऊ दे" म्हणून आठवडाभर ठेवलं असणार. एकच धड वांगं लागलेलं, मन होत नाही तोडायला, मला माहितीय. चमक आहे तोवर तोडा. साल निस्तेज झाली, पिवळट-तपकिरी झाक आली की आत बी कडक झालं. अंगठ्यानं हलकं दाबून बघा, दबून परत वर आलं तर तयार, खळगा तसाच राहिला तर जून. आणि ओढून तोडू नका, देठासकट कात्रीनं कापा, ओढताना फांदी सोलते.

तुमच्या आठ झाडांचं आत्ता काय

उपटू नका, बोकड्या नसेल तर. युरिया बंद, पाणी सकाळी, पाचट, शेडनेट, लोंबलेले शेंडे कापणे, एवढंच मे संपेपर्यंत, आणि या महिन्यात फळाची आशा सोडून द्या. पहिले दोन चांगले पाऊस झाले, हवा गार झाली की झाडं मातीपासून वीतभर उंचीवर छाटा, खोडवा ठेवतात तसा. एखादा हिरवा डोळा किंवा फुटवा खाली शिल्लक आहे हे बघून त्याच्या वर तिरका काप घ्या, तेव्हाच मोठ्या बादलीत हलवा, मूळ न विसकटता, आणि दोन मुठी शेणखत द्या. मूळ चांगलं असेल तर दोन महिन्यांत नवीन फुटव्यांवर फळं दिसतील, बियाण्यापासून लावलेल्यांच्या आधी. आठातली पाच-सहा धरतील असं समजा. छाटलेल्या काड्या मात्र गच्चीच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, त्यात कोष असतात.

छाटायच्या आधी एका झाडाचा बुंध्यापासनं फोटो पाठवा, आणि जमलं तर एका फुलाचा अगदी जवळनं, ते हिरवं टोक बाहेर आहे का आत ते मला बघायचंय. आणि पाणी बोअरचं का नळाचं तेवढं कळवा, लोहाचं मग बोलू.